एक तिकीट कमी

मी हिशेब तपासणारा माणूस. सनदी लेखापाल नव्हे, त्यांच्या हाताखालचा. देणगीदार कंपनीचे पैसे गावात पोचले का, पोचले तर कशावर गेले, हे पावत्या लावून बघायचं आणि शेरे मारायचे. त्याच कामाला माणदेशातल्या एका गावात गेलो होतो.

संस्था म्हणावी असं तिथं काही नव्हतं. पाटी नाही, शिक्का नाही. 14 बायका. कुणाच्या पायात पोलिओ, कुणाचा मुलगा ऐकू न येणारा, कुणाच्या घरात वर्षानुवर्षं न बोलता बसलेलं माणूस. अमावस्येला औत धरत नाहीत, म्हणून त्या दिवशी समाजमंदिरात जमायच्या. अशा गटाला कंपनीचा निधी थेट मिळत नाही. 2013च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यासाठी काढायला लावले खरे, पण निधी घेणाऱ्या संस्थेला 2021पासून वेगळा नोंदणी क्रमांक लागतो, आयकराचे दाखले लागतात, 3 वर्षांचं काम दाखवावं लागतं. या बायकांपाशी होती एक 200 पानी वही. त्यामुळे पैसे जिल्ह्याच्या एका नोंदणीकृत संस्थेकडे यायचे आणि तिथून पाझरत खाली. विहिरीला पाणी लागेतो वरची जमीन किती पिते, ते शेतकऱ्याला विचारा.

पहिल्या वर्षी कंपनीने चाकाच्या खुर्च्या वाटल्या. मांडव, हार, फोटो. त्यातली एक मी पाहिली. ओसरीवर उभी होती आणि तिच्यावर पेंडीचं पोतं बसलं होतं. घराचा उंबरा वीतभर उंच, पुढे 3 दगडी पायऱ्या, त्याखाली खडीचा उतार. खुर्ची जाणार कुठे? ज्याला ती मिळाली तो पंचविशीतला पोरगा. ऊसतोडीला गेलेला असताना ट्रॉलीखाली पाय सापडला, गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर 8 महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवण ठेवलं तर ठेवलं, उचललं तर उचललं. फोटोपुरता त्याला खुर्चीत बसवला, गाडी गेल्यावर पुन्हा भिंतीकडे.

दुसऱ्या वर्षी या बायकांतल्या आक्कांनी सांगितलं, खुर्च्या पुरे. एसटीचं भाडं द्या आणि जी बाई सोबत जाईल तिचा बुडालेला रोज द्या. कंपनीचे साहेब पेचात पडले. भाड्याचा फोटो कसा काढायचा?

2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, मानसिक आजारही त्यात आहे. 2017च्या कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क ठरवला. दोन्ही कायदे चांगलेच आहेत. फक्त या गावापासून तो हक्क 70 किलोमीटरवर, बुधवारी सकाळी, दोन वेगळ्या खिडक्यांवर मिळत होता. एका खिडकीत पाय, दुसऱ्या खिडकीत मन. शेवटी भाड्याच्या मागणीला निम्म्याच पैशावर मंजुरी मिळाली आणि वर्षअखेरीला तपासायला मला धाडलं.

आक्कांनी वही पुढे सरकवली. पानापानाला टाचणीने तिकिटं लावलेली, आणि सगळी पांढरीफटक. कंडक्टरच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची शाई टिकत नाही, 2-3 महिन्यांत कागद कोरा होतो. नियमाप्रमाणे मला ती सगळी नामंजूर करता आली असती.

“उलटं करून बघा,” आक्का म्हणाल्या.

प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर बॉलपेनने तारीख, गाव, रुपये आणि कशासाठी ते लिहिलेलं होतं. बाकीची पानं मी झरझर उलटली. त्या पोराच्या पानावर मात्र थांबलो. पहिल्या खेपेला 180. त्याचं पूर्ण तिकीट 120, आणि बायकांना 2023पासून अर्धं, म्हणून आक्कांचं 60. दुसऱ्या खेपेला 180. तिसऱ्या, चौथ्या खेपेला तेच. पाठीवर ‘फोटो कमी पडला’, ‘गोळ्या चालू’, ‘आज बोलला, चहा मागितला’. पाचव्या खेपेला एकदम 90.

“इथं निम्मे कसे झाले?”

“दिव्यांगाचा दाखला हातात आला न्हवं का. आता त्याला पाऊण तिकीट माफ.”

खरंच, 30 आणि 60. आयुष्यभर आकडे पाहतोय, पण एखाद्याला हक्क मिळाल्याची तारीख भाड्याच्या रकान्यात सापडेल असं कधी वाटलं नव्हतं. पुढची खेपही 90. त्याच्या पुढची नुसती 30. मी पेन्सिलीने खूण केली.

“आक्का, इथं तुमचं तिकीट हरवलंय. एक कमी आहे.”

“कमी न्हाई. त्या बुधवारी त्यो एकटाच गेला. नवा पाय बसवून घ्यायला. मला म्हणाला, आक्का, तू खुरपायला जा.”

मी खोडरबर शोधू लागलो.

“आन् माझे 60 वाचले,” आक्कांनी बोट खालच्या ओळीवर ठेवलं, “ते वरच्या वाडीतल्या पोरीच्या नावावर धरल्यात. तिला अजून पूर्ण तिकीट पडतंय.”