एकट्या कणाचं सूत्र

1905 साली आइन्स्टाइनने झुरिच विद्यापीठाला जो प्रबंध दिला, तो सापेक्षतेवर नव्हता. द्रवात बारीक गोल कण विखुरले तर त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किती वाढते, हे त्यात मांडलं होतं. त्यावरून त्याला साखरेच्या रेणूचा आकार काढायचा होता. उत्तर फार देखणं होतं. कण लहान की मोठे, हे बघायचंच नाही. एकूण घनफळाचा किती हिस्सा त्यांनी व्यापला, एवढंच मोजायचं. कण एक टक्का, तर श्यानताही एक टक्क्याने जास्त.

पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँच्या प्रयोगशाळेत बांसलँ यांनी हे गँबोजच्या कणांवर ताडून पाहिलं. (गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा वाळवलेला पिवळा चीक.) वाढ सूत्राच्या जवळजवळ चौपट भरली. आइन्स्टाइनने आकडेमोड पुन्हा तपासली, चूक सापडेना. मग त्याने ती आपल्या सहकाऱ्याकडे, लुडविग होफकडे सोपवली आणि होफला चूक सापडली. 1911 मध्ये एकाच्या जागी 2.5 हा गुणक आला. त्याबरोबर साखरेच्या द्रावणावरून काढलेली ॲव्होगाड्रो संख्याही (एका मोलमधल्या रेणूंची संख्या) 6.56 × 10²³ झाली, म्हणजे आजच्या 6.02 च्या पुष्कळ जवळ. झाडाच्या चिकाने रेणूंच्या मोजणीतली चूक पकडून द्यावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण सुधारलेलं सूत्रही एकट्या कणाचंच. कण आपल्याभोवतीचा प्रवाह विस्कटतो आणि हा विस्कोट दूरवर पोचतो. शेजारी कण असला की दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो. केंब्रिजच्या बॅचलरने 1977 मध्ये जोड्यांचा हिशेब पुरा केला आणि हिश्श्याच्या वर्गाचं 6.2 गुणकाचं पद जोडलं. दाट मिश्रणाला तेही पुरत नाही. क्रीगर आणि डोहर्टी यांनी 1959 मध्येच दुसऱ्या टोकाकडून पाहिलं होतं: सारख्या आकाराचे गोळे कसेही रचले तर सुमारे 64 टक्क्यांवर जागाच संपते, आणि त्या मर्यादेकडे जाताना श्यानता बेसुमार वाढते. कणांनी निम्मं घनफळ व्यापलं की आइन्स्टाइनचं सूत्र श्यानता सव्वादोनपट सांगतं. प्रत्यक्षात ती दहापटीच्याही पुढे जाते.

मग रक्ताचं काय? त्यात सुमारे 45 टक्के पेशी असतात, तरी ते केसाहून बारीक वाहिन्यांतून जातं. कारण तांबडी पेशी मऊ असते. वाकते, लांबते, वाट काढते. सूत्रातला कण मात्र टणक होता. ती अट मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती मोडते तेव्हाच रक्त वाहतं. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात प्राणवायू सोडल्यावर पेशीतलं हिमोग्लोबिन तंतूंसारखं गोठतं, पेशी ताठरते आणि पेशींचं प्रमाण तेवढंच असूनही रक्त दाटतं.