पार्थेनॉनचा कर्ता कोण?

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : ‘पेरिक्लीसने अथेन्समध्ये पार्थेनॉनचे भव्य मंदिर बांधले.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद जागच्या जागी आहे. तरीही मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला ते थोडे खटकते. शिंपी कपडे शिवतो आणि गिऱ्हाईक ते शिवून घेते, हा भेद आपल्याकडे निरक्षर माणूसही चुकवत नाही. न्हावी दाढी करतो, आपण ती करवून घेतो. प्रयोजक क्रियापदाची ही सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे, ती बहुधा प्रामाणिकपणाची गरज म्हणूनच. मग वाडा, देऊळ, किल्ला, धरण असा विषय निघाला की हा भेद एकाएकी कोठे नाहीसा होतो? काम लहान असेपर्यंत करणारा आणि करवणारा वेगळे असतात. काम मोठे झाले की करवणाराच कर्ता होऊन बसतो.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. एखादी सुंदर वस्तू पाहून आपण धन्य होतो, तेव्हा ते धन्यवाद नेमके कोणाच्या पदरी पडतात आणि कोणाच्या पडायला हवेत, असा तो नीतीचा प्रश्न आहे. त्याचा विचार करायचा तर पार्थेनॉनपाशी उभे राहून चालणार नाही. ज्या डोंगरातून ते आले, त्या डोंगराकडे जावे लागेल.

अथेन्सच्या ईशान्येला, अॅक्रोपोलिसपासून सोळा-सतरा किलोमीटरवर पेंटेलिकॉन नावाचा डोंगर आहे. उंची अकराशे मीटरहून थोडी अधिक. पाइनची झाडे, इ.स. १५७८ मध्ये स्थापन झालेला एक ख्रिस्ती मठ, पायथ्याशी पसरत गेलेली वस्ती. उत्तरेच्या अंगाला दिओनिसोस नावाचे गाव आहे. प्राचीन काळी इकारिया म्हणून ओळखली जाणारी वसाहत याच परिसरातली आणि ग्रीक परंपरा ज्याला पहिला नट मानते, तो थेस्पिस तिथलाच. म्हणजे ग्रीकांची रंगभूमी आणि ग्रीकांचे मंदिर, दोहोंची नाळ या एकाच डोंगराशी जुळलेली आहे. नटाचे नाव मात्र राहिले, दगड काढणाऱ्याचे राहिले नाही.

या डोंगराच्या पोटातला संगमरवर बारीक कणांचा आणि शुभ्र आहे. त्यात लोहाचा किंचित अंश असतो. त्यामुळे उघड्यावर शतके काढली की त्याच्यावर मधासारखी पिवळसर झाक चढते. इ.स.पू. ४४७ मध्ये पार्थेनॉनचे काम सुरू झाले आणि इ.स.पू. ४३२ मध्ये ते संपले. बाहेरच्या रांगेतलेच खांब ४६ आणि प्रत्येक खांब दहा मीटरहून उंच. हे सारे पेंटेलिकॉनच्या दक्षिण उतारावरून उतरून आले. खाणीतले पाथरवट आधी दगडातली नैसर्गिक चीर हेरत, चहूबाजूंनी टिकावाने चर खोदत, त्यात लोखंडी पाचरी बसवून त्या एकामागून एक ठोकत. सुटलेला दगड खाणीतच ओबडधोबड घडवला जाई. तेवढेच ओझे कमी होई. पण वाटेत कडा फुटू नयेत म्हणून अंगावर वाढीव थर मात्र राखावा लागे. मग दगड लाकडी घसरगाडीवर चढवत आणि फरसबंद उतारावरून खाली सोडत. कडेच्या खुंटांना दोर गुंडाळून माणसे तो वेग आवरून धरत. कित्येक टनांचे धूड, खाली उतार आणि हातात दोर. दोर सुटला तर पुढे काय होईल, हे सांगायला वास्तुशास्त्राचे पुस्तक लागत नाही. खाली आल्यावर बैलगाड्या. पुढच्या शतकात याच डोंगराचे दगड एलेउसिसला नेले, तेव्हा खांबाच्या एकेका तुकड्याला तीसच्या आसपास बैलजोड्या जुंपल्या आणि अडीच-तीन दिवस लागले, असे तिथल्या कोरीव हिशेबावरून कळते.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरला. अथेन्सच्या लोकशाहीची एक सवय मला तिच्या अनेक गाजलेल्या गुणांहून मोलाची वाटते : सार्वजनिक खर्च ती दगडावर कोरून चव्हाट्यावर मांडत असे. पार्थेनॉनच्या हिशेबाचे जे तुकडे उरले आहेत, त्यांत पेंटेलिकॉनवर दगड काढणाऱ्यांना आणि ते गाड्यांवर चढवणाऱ्यांना दिलेल्या मजुरीच्या नोंदी आहेत. नावे नाहीत, धंदा आणि रक्कम एवढेच. त्याच टेकडीवरच्या एरेख्थेऑन मंदिराचा इ.स.पू. ४०९ ते ४०६ या काळातला हिशेब अधिक बोलका आहे. त्यात माणसांची नावे आहेत. ज्यांचा सामाजिक दर्जा ओळखता येतो असे ८६ जण त्यात आढळतात. त्यांपैकी नागरिक २४, मेटिक म्हणजे कर भरूनही मताचा अधिकार नसलेले परके रहिवासी ४२ आणि गुलाम २०. एकाच खांबावर मालक आणि त्याचा गुलाम शेजारी शेजारी बसून उभ्या पन्हाळी कोरत होते. रोजची मजुरी बहुधा एक द्राख्मा, मग तो नागरिक असो की गुलाम. वास्तुशिल्पकाराचा रोजही तेवढाच.

हे वाचून कोणाचेही मन क्षणभर भरून येईल. अडीच हजार वर्षांपूर्वी समान कामाला समान दाम! पण हिशेब वाचताना जमेच्या बाजूवर थांबून चालत नाही. गुलामाच्या नावावर लिहिलेला द्राख्मा गुलामाच्या हाती पडत नव्हता, निदान त्याचा तो हक्क तरी नव्हता. गुलामाचे सारे काही मालकाचे, हाच तेव्हाचा कायदा. निकियास या धनिकाने आपले एक हजार गुलाम लाव्हरिऑनच्या चांदीच्या खाणीत माणशी रोज एक ओबोल भाड्याने लावले होते, हे झेनोफोनने नोंदवले आहे. खाण त्यांनी खणायची आणि भाडे निकियासने मोजायचे. म्हणजे समता होती, पण ती नोंदीत होती. ज्याच्या घामाची नोंद झाली, त्याच्या घरापर्यंत ती पोहोचली नाही.

आता प्लुटार्कने सांगितलेली एक गोष्ट घेऊ. पार्थेनॉनच्या कामावर राबणाऱ्या खेचरांपैकी ज्यांनी सर्वांत जास्त कष्ट उपसले, त्यांना अथेन्सच्या लोकांनी मोकळे सोडून दिले. त्यांतले एक खेचर आपण होऊन परत कामावर येऊ लागले. गाडीला जुंपलेल्या जनावरांच्या पुढे चालत ते टेकडी चढे, जणू त्यांना हुरूप देत असे. तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे, असा ठराव लोकांनी केला. रोमच्या थोरल्या कॅटोचे चरित्र लिहिताना प्लुटार्कने ही गोष्ट सांगितली आहे. म्हातारे झालेले गुलाम विकून टाकावेत, असे कॅटोचे मत होते. ते प्लुटार्कला सहन होत नाही. आपल्यासाठी राबलेला म्हातारा बैलही आपण विकणार नाही, मग म्हाताऱ्या माणसाची काय कथा, असे तो म्हणतो.

गोष्ट गोड आहे आणि प्लुटार्कचे अंतःकरण मोठे आहे. तरी तिच्यात एक काटा आहेच. खेचराला निवृत्तिवेतन देणाऱ्या त्याच शहरात गुलामाला ते नव्हते. असे का झाले असावे? अथेन्सचे लोक निर्दय होते म्हणून नव्हे. निर्दय असते तर खेचराचेही त्यांना काही वाटले नसते. मला वाटते, कृतज्ञता आणि न्याय या दोन वस्तूंमधले अंतर येथे उघडे पडते. कृतज्ञता देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तिने देणाऱ्याचे मोठेपण वाढते आणि घेणारा काही मागत नाही. खेचर कधीही विचारणार नव्हते की, मला मुळात जुंपले कोणी? न्यायाचे तसे नाही. तो समोरच्याच्या हक्कातून निघतो आणि देणाऱ्याला अवघडून टाकतो. गुलामाचे ऋण मान्य करायचे, तर त्याला ठरावाने वैरण देऊन भागत नाही; त्याला मोकळे करावे लागते आणि मग शहराची सगळी घडीच बदलावी लागते. म्हणून माणसे न्यायाच्या जागी कृतज्ञता देऊन सुटका करून घेतात. जेथे देणे अवघड, तेथे दान सोपे.

याच प्लुटार्कने पेरिक्लीसच्या चरित्राच्या आरंभी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे. कलाकृतीने आपण सुखावतो, पण ती करणाऱ्याला मात्र कमी लेखतो. झ्यूसची मूर्ती पाहून कोणाही कुलीन तरुणाला आपण फिडियास व्हावे असे वाटत नाही, असा त्याचा आशय. फिडियाससारख्या शिल्पश्रेष्ठाची ही कथा, तर पेंटेलिकॉनवर पाचर ठोकणाऱ्याची काय असेल? हाताने काम करणारा हलका आणि विचाराने काम करवणारा थोर, ही उतरंड ग्रीसची खासगी मालमत्ता नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. आमच्या शाळेत खडी फोडणाऱ्यांची मुले येतात. ‘पेरिक्लीसने बांधले’ हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घेताना आपण त्यांना इतिहास शिकवतो, आणि त्यांच्या बापाची जगातली जागाही नकळत शिकवून जातो.

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. कर्म करावे, फळाची आस धरू नये. दगड काढणाऱ्याने नावाची अपेक्षा कशाला करावी? या तत्त्वाबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते तत्त्व प्रथमपुरुषी आहे. ‘मी फळ सोडले’ असे म्हणण्यात तपस्या आहे. ‘तू फळ सोड’ असे दुसऱ्याला सांगून ते फळ आपल्या ताटात वाढून घेण्यात कसली आली तपस्या? निष्काम कर्माचा उपदेश दुसऱ्याच्या घामाला लागू केला, की तो उपदेश राहत नाही, सवलत होते. आणि ती आपण आपल्यालाच दिलेली असते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काहीजण म्हणतील, एवढे अन्यायाचे ओझे असेल तर त्या सौंदर्याचे कौतुकच कशाला? पार्थेनॉनचा पैसाही निर्मळ नव्हता. पर्शियाविरुद्ध उभारलेल्या संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये देलोस बेटावरून अथेन्सला आला आणि मित्रराष्ट्रांचा पैसा अथेन्स नटवण्याकडे वळला, असा आक्षेप पेरिक्लीसच्या हयातीतच घेतला गेला होता. पण सौंदर्य नाकारण्याने राबणाऱ्याला काय मिळते? त्याच्या हातून जे उत्तम घडले, तेच आपण पुसून टाकतो. खांबाची पन्हाळ सरळ रेषेत उतरवताना त्या वीस गुलामांपैकी एखाद्याला आपल्या हाताचा अभिमान वाटला नसेल, असे मी मानायला तयार नाही. तो अभिमान तेवढा त्याच्या मालकीचा होता. आपण पाठ फिरवली तर तोही हिरावला जाईल.

पेंटेलिकॉनच्या खाणीत एक अर्धवट घडवलेले स्तंभशीर्ष सापडले आहे. मनोलिस कोरेस या ग्रीक वास्तुशास्त्रज्ञाने त्याच्यावर एक पुस्तकच लिहिले. ते आजच्या पार्थेनॉनचे नव्हे, त्याच्या आधी सुरू झालेल्या आणि इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियनांनी अर्ध्यावरच उद्ध्वस्त केलेल्या पहिल्या संगमरवरी पार्थेनॉनसाठी घडत असलेले. डोंगरातून सोडवलेले, घडवायला घेतलेले आणि तेथेच टाकून दिलेले. ते कोणत्याही मंदिराला लागले नाही, त्यामुळे त्याच्या श्रेयावर हक्क सांगायला कोणी पेरिक्लीस पुढे येत नाही. त्याच्यावर छिन्नीचे घाव आहेत ते केवळ पाथरवटाचे. ज्या कामाचे श्रेय कोणालाच नको असते, तेच शेवटी करणाऱ्याच्या नावावर राहते, हा नियतीचा न्याय म्हणायचा की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि डोंगराचे काय? माणसाला निदान मजुरी तरी देता येते. एकोणिसाव्या शतकात अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाली, तेव्हा पेंटेलिकॉनच्या खाणी पुन्हा गजबजल्या. राजवाडा झाला, तोच आता संसद आहे. १८९६ च्या ऑलिंपिकसाठी प्राचीन क्रीडांगण याच संगमरवराने नव्याने सजले. शहराकडच्या अंगावर पांढरे व्रण दिसू लागले. पुढे विसाव्या शतकात त्या बाजूचे खाणकाम बंद झाले आणि ते उत्तरेच्या उतारावर सरकले. ऑगस्ट २०२४ मध्ये वणवा पेंटेलीपर्यंत पोहोचला, तेव्हा पाइनची झाडेही गेली. झाडे पुन्हा लावता येतात. काढलेला संगमरवर डोंगराला परत करता येत नाही. अॅक्रोपोलिसवर जेवढी उंची चढली, तेवढी पोकळी इकडे कायमची राहिली.

तरीही आशेला जागा आहे, आणि ती मला दोन ठिकाणी दिसते. एक टिनोस बेटावर. तेथील पिर्गोस गावात संगमरवराचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १९५५ पासून तेथे ते शिकवणारी शाळा आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने हे कसब मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवले. नोंद झाली ती एखाद्या इमारतीची नव्हे, हाताच्या ज्ञानाची. दुसरी जागा खुद्द पार्थेनॉनवर. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली तेथे जीर्णोद्धार चालत आला आहे आणि त्यासाठी दिओनिसोसच्या खाणीतला त्याच डोंगराचा संगमरवर आणतात. जुन्या दगडाची मोडलेली कड नव्या दगडाने भरून काढतात. पण नव्याला जुन्याचे सोंग देत नाहीत. मधाळ जुन्याशेजारी शुभ्र नवे उघड दिसते. पुढच्या पिढीला अधिक चांगले सुचले, तर केलेले काम सोडवता यावे, अशीही काळजी घेतात. आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी इमारत मला दुसरी ठाऊक नाही.

आपण देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे तोंडपाठ म्हणतो. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे : मनुष्यऋण. पहिल्या तिघांसाठी यज्ञ, अध्ययन आणि संतती हे मार्ग नेमून दिले आहेत. चौथे माणसांशी माणसासारखे वागून फेडायचे, म्हणून ते सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त थकते. ते फेडण्याची सुरुवात फार मोठ्या गोष्टीने करायला नको. ज्याने बांधले त्याला बांधणारा म्हणावे आणि ज्याने बांधवून घेतले त्याला बांधवून घेणारा म्हणावे. पेरिक्लीसचे मोठेपण त्याने कमी होणार नाही. बांधवून घेणे हेही मोठे काम आहे. फक्त वाक्यात थोडी जागा होईल, आणि त्या जागेत डोंगरावरून दोर धरून उतरणारी माणसे उभी राहू शकतील.