पहिल्या तीन रांगा

१९७४ साली अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाने मुलींच्या बास्केटबॉल संघाची धुरा अवघ्या २२ वर्षांच्या एका तरुणीवर सोपवली. पॅट समिट तिचं नाव. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, सामना संपला की मुलींचे घामेजलेले गणवेश तीच धुवायची. ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशातून आलेले!

पॅट शेतकऱ्याची लेक. तीन थोरल्या भावांच्या बरोबरीने गवत कापणारी, तंबाखूच्या शेतात राबणारी. कष्टाचं तिला अप्रूप नव्हतंच. ३८ वर्षांत तिच्या संघांनी १०९८ सामने जिंकले, आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो तिचा एक साधा नियम. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि तास बुडवायचा नाही. बुडवला तर पुढच्या सामन्यात खेळायचं नाही, मग ती कितीही मोठी खेळाडू असो. तिच्याकडे पूर्ण कारकीर्द खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली.

२०११ मध्ये, साठीच्या आतच, तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. तिने ते लपवलं नाही. जगाला सांगितलं, आणि आणखी एक हंगाम मुलींसोबत मैदानावर उभी राहिली.

आपल्याही गावात एखादी ताई मुलींना खेळ शिकवत असेल. आज मैदानावर जा, आणि तिला काय हवंनको ते विचारा.