हर्षद संख्येचा उपयोग काय?

कोडिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने 'हर्षद नंबर' तपासायचा प्रोग्राम लिहिलेला असतो. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेने संख्येला भागायचं, बाकी शून्य आली तर 'येस' छापायचं. 18 घ्या. 1 आणि 8 मिळून 9, आणि 18 ला 9 ने भाग जातो. परभणीहून पुण्याला मुलाखतीसाठी निघालेली पोरं आर्मस्ट्राँग, पॅलिंड्रोम आणि हर्षद रेल्वेत पाठ करतात. मीही केलेत.

हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव ठेवलं द. रा. कापरेकरांनी. जन्म 1905, डहाणू. 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी कॉम्प्युटर नाही. आकड्यांशी खेळायचा नाद मात्र जन्मभराचा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध 6174. परभणीच्या पिनकोडातले शेवटचे चार अंक घ्या, 1401. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा: 4110 − 0114 = 3996. उत्तरावर पुन्हा तेच केलं की 6264, मग 4176, मग 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174 च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. आज दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम हे सगळ्या संख्यांसाठी पापणी लवायच्या आत तपासतो.

पण याचा उपयोग काय? आमच्याकडे हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. कॉलेजची फी कापूस-सोयाबीनच्या पैशातून जाते. ज्याने ती भरली, त्याला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं: 'आज निरुपयोगी वाटणारं गणित उद्या कामाला येतं. मूळ संख्यांचा अभ्यास नाही का पुढे बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवायला उपयोगी पडला?' उदाहरण खरं आहे, तरी मला हे उत्तर पटत नाही. उपयोग हेच एकमेव कारण, हे त्यात आधीच मान्य केलेलं असतं. 6174 उद्याही कशाच्या कामी आला नाही, तर कापरेकरांचं आयुष्य वाया गेलं म्हणायचं का?

कापरेकर वर्गात शिकवत होते, पगार त्याचा होता. आकड्यांचा आनंद त्यांचा स्वतःचा होता, त्याचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता. आपण मात्र आधी नोकरी, मग आनंद, असा क्रम लावतो. गरज असते तोवर तो बरोबरच आहे. अडचण पुढे येते. नोकरी लागते, फीचं कर्ज फिटतं, पण 'उपयोग काय?' विचारायची सवय जात नाही. घरच्यांनी गरजेपोटी विचारलेला प्रश्न आपण स्वतःला नुसत्या सवयीने विचारत राहतो. आनंद देणारी म्हणून नाव मिळालेली संख्या मग फक्त मुलाखतीत उत्तीर्ण व्हायच्या कामाची उरते.

आज रात्री फोनवरच करून बघा. चारऐवजी तीन अंक घ्या, सगळे सारखे नकोत. तुम्ही 495 वर थांबाल. मग दोन अंक घ्या. तिथे थांबायला जागाच नाही: 9, 81, 63, 27, 45 आणि परत 9. असं का होतं? मुलाखतीत हे कुणी विचारणार नाही.