सातबारा, शेळी आणि पाणी

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे साल महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलं आणि आमच्याकडचे व्याख्याते कामाला लागले. परवा एका परिसंवादात एक अर्थतज्ज्ञ ठणकावून म्हणाले, जमिनीच्या मालकीचा हट्ट सोडा. बाईला प्रशिक्षण द्या, प्रकल्पात सामावून घ्या, बाकीचं आपोआप होईल. टाळ्या पडल्या. शेतमालाला भावसुद्धा आपोआपच मिळणार होता, हे कुणाला आठवलं नाही.

त्यांनी एकदा माणदेशातल्या म्हसवडला यावं. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातले कितीतरी पुरुष गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेले. खातेदार परमुलखात सोनं गाळतो, त्याची बाजरी बायको काढते. पीककर्ज, ठिबकचं अनुदान, पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये, सगळं सातबारा बघून. शेतीशाळेच्या हजेरीपत्रकावर मात्र सही तिची! 2015-16च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका जेमतेम 14 टक्के निघाल्या.

कष्ट तिचे, जमीन त्याची, हे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी फार आधी ओळखलं. बाजारवाला म्हणून डाव्यांनी त्यांना कधी माफ केलं नाही आणि स्त्रीवाद्यांनीही हातचं राखूनच दाद दिली. पण 1986च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर त्यांनी काढलेली लक्ष्मीमुक्तीची मोहीम बघा. सरकारकडे कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्यालाच ते विचारत, घरच्या लक्ष्मीचं देणं कधी फेडणार? ना कायदा, ना अनुदान, तरी पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. मला त्यात एकच खटकतं. देणारा हात नवऱ्याचाच राहिला. आज बायकोला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं. पैशाची सबब उरलेली नाही. तरी तलाठ्याकडे गर्दी बहिणींच्या हक्कसोडपत्रांचीच.

पण माणदेशात नुसतं ‘जमीन, जमीन’ करून भागत नाही. पर्जन्यछायेतलं कोरडं माळरान बाईच्या नावावर करून ती खाणार काय? इथं बाईची खरी मत्ता शेळी. अडीनडीला बाजारात उभी करता येते, विकायला फेरफार लागत नाही. अशाच बायकांसाठी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांच्या पुढाकाराने 1997 साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक बायका निरक्षर, म्हणून आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता. त्या लिहायला शिकल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू म्हणाल्या. सातबाऱ्याची वाट बघत बसल्या असत्या, तर बँकही नसती. एवढ्यापुरतं त्या अर्थतज्ज्ञांचं खरं, जमिनीवाचून काही अडलं नाही.

आता मात्र अडेल. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभूचं पाणी दुष्काळी पट्ट्यात येतंय. पाणी आलं की माळाला भाव येतो, गलाईवाला भाऊ गावाकडे बघू लागतो आणि शेळी चरायची तिथं ऊस उभा राहतो. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला, म्हणजे पुन्हा खातेदाराचाच. हे असंच असावं लागतं असं नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटलं. भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला बंदी केली. सांगली जिल्ह्यातल्या बळीराजा धरणाच्या चळवळीनेही समन्यायी वाटपच मागितलं. पाणी पंचायतीची ‘माणशी’ बहुधा कुटुंबाच्या माणसांवर मोजली जाई. ती मोजणी तशीच ठेवून वाटा मात्र बाईच्या नावे वेगळा लिहावा, तिच्या नावावर गुंठाभर जमीन नसली तरी. पाणीपट्टीची पावतीही तिच्याच नावाने फाडावी. कालव्याच्या चाऱ्या अजून पुऱ्या व्हायच्यात. लाभधारकांच्या याद्या करायची वेळ हीच.