हुंडी आणि ख्यालीखुशाली

अमेरिकेचा जुना पश्चिम भाग आपल्याकडे आला तो मुख्यतः सिनेमाच्या वाटेने: घोडा, बंदूक, उजाड माळ, आणि कुणाचं काही देणं न लागणारा एकटा पुरुष. या चित्रातला शेवटचा तपशील सर्वांत खोटा आहे. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून, पुढे मिसिसिपी ओलांडून गेलेल्या माणसांनी मागे ठेवलेले कागद पाहिले तर दिसतं, की तो माणूस सतत कुणाला तरी लिहीत होता, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत होता आणि बहुतेक वेळा कुणाचा तरी देणेकरी होता. अभिलेखागारांनी या कागदांची वर्गवारी केली आहे. कौटुंबिक पत्रं एका पेटीत, व्यापारी पत्रव्यवहार दुसरीत. कामाच्या सोयीसाठी ते ठीकच. पण ही विभागणी आपली आहे, त्या माणसांची नाही. त्यांच्या लेखी घर आणि धंदा एकाच कागदावर नांदत होते. ते तसे नांदले म्हणूनच घरापासून हजार मैलांवरच्या वस्त्या तगल्या, असं माझं म्हणणं आहे.

आधी तो कागदच पाहू. १८४५पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर दोन गोष्टींवर ठरे: अंतर किती आणि ताव किती. चारशे मैलांपलीकडे एका तावाला २५ सेंट, दोन तावांना दुप्पट. मजुराच्या दिवसाच्या कमाईतला हा मोठा तुकडा होता. लिफाफाही जास्तीचा ताव म्हणून मोजला जाई, त्यामुळे लिफाफा वापरायचा नाही. मोठा ताव घ्यायचा, लिहून झाल्यावर घड्या घालून लाखेने चिकटवायचा आणि बाहेर राहिलेल्या कोऱ्या चौकोनात पत्ता लिहायचा. ताव भरला आणि सांगायचं उरलं तर तो आडवा फिरवून आधीच्या ओळींना छेद देत पुन्हा लिहायचं. शिवाय पैसे आधी भरायची सक्ती नव्हती, बहुधा पत्र सोडवून घेणाराच ते भरी. म्हणजे पत्र धाडायचं तर समोरच्याच्या खिशाला हात घालूनच. अशा कागदावर नुसती ख्यालीखुशाली लिहिणं ही चैन होती आणि नुसता हिशेब लिहिणं हा रुक्षपणा. म्हणून डुकरांचा भाव, वडिलांचा दमा, भावाकडून यायचे राहिलेले पैसे आणि चर्चमधल्या नव्या पाद्र्याची निंदा, सगळं एकापाठोपाठ येई, मध्ये परिच्छेदसुद्धा न पाडता. वर्तमानपत्राला मात्र सेंट-दीड सेंटच पडे. तेव्हा जुना अंक घ्यायचा, त्यातल्या अक्षरांवर टाचणीने भोकं पाडून निरोप जुळवायचा आणि तो अंक टपालात टाकायचा, ही युक्ती लोकांनी काढली नसती तरच नवल.

१८४५मध्ये तावांची मोजदाद गेली आणि वजन आलं. १८५१मध्ये आगाऊ भरल्यास तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट, १८५५पासून आगाऊ भरणं सक्तीचं, १८६३मध्ये अंतराचा हिशेबच संपला. दर उतरले तरी पत्राची घडण फारशी बदलली नाही, कारण ती केवळ दरामुळे आलेली नव्हती. टपालघर म्हणून वेगळी इमारत खेड्यात क्वचितच असे. दुकानदारच पोस्टमास्तर, एका फळीवर मीठ, खिळे, कापडाचे तागे, आणि कोपऱ्यात पत्रांचे कप्पे. पत्र न्यायला येणारा उधारी ठेवूनच जाई. इलिनॉयमधल्या न्यू सेलमचा पोस्टमास्तर १८३३ ते १८३६ या काळात तरुण अब्राहम लिंकन होता. त्याच सुमारास त्याचं भागीदारीतलं दुकान बुडालं आणि ते कर्ज फेडता फेडता त्याची बरीच वर्षं गेली. १८३१मध्ये मिशिगनच्या रानात फिरणाऱ्या तोकव्हिल या फ्रेंच लेखकाला एवढ्या जंगलात पत्रं आणि वर्तमानपत्रं पोहोचतात याचा अचंबा वाटला होता. त्या काळी केंद्र सरकारकडे सैनिकांपेक्षा पोस्टमास्तर जास्त होते, हे लक्षात घेतलं तर अचंब्याचं कारण कळतं.

नेब्रास्काची एक पत्रमाला या बाबतीत फार बोलकी आहे. युरायाह ऑब्लिंजर नावाचा शेतकरी १८७२मध्ये इंडियानाहून बायकोच्या भावांबरोबर नेब्रास्कातल्या फिलमोर काउंटीत गेला. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळत होती. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. बायको मॅटी आणि लहानगी एला मागे राहिल्या आणि १८७३मध्ये त्याच्याकडे गेल्या. मधल्या काळातली त्याची पत्रं नवऱ्याची आहेत आणि खरेदीदाराचीही. विरह आहे, लेकीची आठवण आहे, आणि त्याला लागूनच जमीन कशी आहे, काय किमतीला काय मिळतं हेही आहे. यातला कुठला भाग खाजगी आणि कुठला व्यवहाराचा? मॅटीने तिथे जायचं की नाही, हा प्रेमाचा प्रश्न होता आणि भांडवलाचाही, कारण जमीन फुकट असली तरी बैल, नांगर, बियाणं, विहीर यांतलं काहीच फुकट नव्हतं. पुढे मॅटी माहेरी लिहू लागली, मातीच्या ढेपांनी रचलेल्या घरातून. १८८०मध्ये ती बाळंतपणात गेली. हे कागद वाचताना जाणवतं ते असं, की तिच्या पत्रांचं एक कामच होतं: इंडियानातल्या नातेवाइकांना नेब्रास्का ओळखीचं वाटावं. ओळखीच्या ठिकाणी माणूस पैसा घालतो, कधी स्वतःही जातो.

आता दुसरी पेटी उघडू. सीमेवरचा दुकानदार वर्षातून एकदा-दोनदा न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया किंवा सेंट लुईसला जाऊन सहा-सहा, बारा-बारा महिन्यांच्या उधारीवर माल भरी. एरवी सगळं पत्रावर. पलीकडच्या घाऊक व्यापाऱ्यापुढे पेच होता: ज्याचं तोंड वर्षातून एकदा दिसतं त्याच्यावर विसंबायचं कसं? १८३७च्या मंदीत पोळलेला रेशमाचा व्यापारी लुईस टॅपन याने १८४१मध्ये न्यूयॉर्कमध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली ती या पेचातून. गावोगावचे वकील तिला पत्राने कळवत, की अमका दुकानदार कसा आहे. एजन्सीत ते मजकूर जाड वह्यांत उतरवले जात आणि वर्गणीदार व्यापारी कचेरीत आला की कारकून त्याला वाचून दाखवी. या वह्या आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. मालमत्ता किती, हा त्यातला एक भाग. पण माणूस पितो का, बायको माहेरहून काय घेऊन आली, सासरा पाठीशी उभा राहील का, भाऊ उधळ्या आहे का, हेही त्यांत येतं. गावातल्या चहाडीला न्यूयॉर्कमध्ये बाजारभाव मिळाला. घरच्या पत्रात व्यवहार शिरला होता तसंच व्यवहाराच्या पत्रात घर शिरलं होतं, आणि तेही भावनेपोटी नव्हे. जिथे न्यायालय दूर, बँक कच्ची आणि नोटा शंभर ठिकाणच्या, तिथे कुटुंब हेच तारण होतं.

पैसाही पत्रातूनच जाई, आणि धाकधुकीनेच. नोट अर्धी कापून एक तुकडा आज आणि पहिला पोहोचल्याचं कळल्यावर दुसरा, ही रीत रुळलेली होती; सरकारी मनीऑर्डर सुरू झाली ती १८६४मध्ये. कॅलिफोर्नियात हे सगळं टोकाला गेलं. जानेवारी १८४८मध्ये कोलोमाला सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी हजारो पुरुष तिथे लोटले. टपाल आगबोटीने पनामाला, संयोगभूमी ओलांडून पुन्हा आगबोटीने सॅन फ्रान्सिस्कोला. बोट लागली की टपालघराच्या खिडकीपुढे रांगा, चिखलात, रात्र-रात्र. काही जण नंबर लावायचे ते केवळ विकण्यासाठी. डोंगरातल्या खाणींपर्यंत सरकारी टपाल धड जाईना, तेव्हा खासगी एक्सप्रेसवाले पुढे आले. १८५२मध्ये स्थापन झालेल्या वेल्स फार्गोचा माणूस वर पत्रं घेऊन जाई आणि खाली सोन्याची पूड व उत्तरं घेऊन येई. पूड कचेरीत वजन करून द्यायची, तिथून पूर्वेकडची हुंडी घ्यायची, आणि ती घरच्या पत्रात घालायची. खाणीतल्या माणसाच्या पत्रात हुंडी आहे की नाही, यावर गावाकडे त्या पत्राचं वाचन बदलत असणार, हे सांगायला पुरावा नको. न्यूयॉर्क राज्यातल्या यंगस्टाउनचा विल्यम स्वेन एप्रिल १८४९मध्ये बायको सॅब्रिना, तान्ही मुलगी आणि भाऊ जॉर्ज यांना सोडून निघाला आणि १८५१मध्ये अपेक्षेपेक्षा फारच कमी घेऊन परतला. जे. एस. हॉलिडे या इतिहासकाराने १९८१मध्ये त्याच्या रोजनिशीला दोन्ही बाजूंच्या पत्रांची जोड देऊन ग्रंथ काढला, म्हणून इथे आपल्याला मागे राहिलेल्यांचाही आवाज ऐकू येतो. बहुतेक संग्रहांत तो नसतो; खाणकामगाराने घरची पत्रं तंबूत सोडली, घरच्यांनी त्याची पेटीत जपली.

सिनेमाचा लाडका पोनी एक्सप्रेस, म्हणजे घोडेस्वारांकरवी चालणारं टपाल, या हिशेबात कुठे बसतो? जवळपास बसतच नाही. एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१, जेमतेम दीड वर्ष तो चालला, सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर घेऊन. त्या दरात बँका, वर्तमानपत्रं आणि बडे व्यापारी लिहीत. आईला कुणी लिहीत नसे.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की पत्रं खोटं बोलतात. खरं आहे. गोटफ्रीड ड्यूडेन हा जर्मन गृहस्थ १८२४ ते १८२७ मिसुरीत राहिला आणि १८२९मध्ये त्याने पत्ररूपात आपला अनुभव छापला. ते वाचून असंख्य जर्मन निघाले, आणि तिथली झाडं तोडताना हात फुटले तेव्हा त्याच्या नावाने बोटं मोडू लागले. ड्यूडेनच्या पदरी राबायला पगारी माणसं होती, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात उशिरा आली. पण या उदाहरणाचा रोख उलटा आहे. ड्यूडेनला आपल्या वाचकांना तोंड दाखवायचं नव्हतं. धाकट्या भावाला 'ये' म्हणून लिहिणाऱ्याला ते दाखवावं लागे. भाऊ आला की महिनाभर तरी त्याच्याच छपराखाली राहणार आणि प्रत्येक वाक्य पडताळून पाहणार. नॉर्वेत, स्वीडनमध्ये अमेरिकेहून आलेल्या पत्रांच्या नकला गावोगाव फिरत त्या याच भरवशावर. रेल्वे कंपन्यांनाही ही मेख उमगली होती. जमिनी विकताना त्यांनी स्वतःच्या जाहिरातींबरोबर वसाहतवाल्यांची पत्रं छापली. उसना विश्वासही विकता येतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लिहिणारे कोण? दक्षिणेच्या जुन्या राज्यांतून टेक्सास-मिसिसिपीकडे विकल्या गेलेल्या गुलामांची पत्रं मोजकीच आहेत आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातची. मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या त्या याच पत्रव्यवहाराच्या रेट्याने. 'जमीन चांगली आहे, या' हे प्रेमळ वाक्य शोशोनी किंवा पॉनी माणसाच्या बाजूने वाचलं तर हुकूमनाम्यासारखं दिसतं. चेरोकी लोकांकडे १८२१च्या सुमारास सिक्वोयाने घडवलेली स्वतःची लिपी होती, १८२८पासून स्वतःचं वर्तमानपत्र होतं, तरी दहा वर्षांत त्यांना जॉर्जियातून हाकललं गेलं. म्हणजे लिहिता येणं पुरेसं नव्हतं. कागदाच्या दुसऱ्या टोकाला पत आणि सत्ता असलेला माणूस लागे. हा आक्षेप मी मान्य करतो. मात्र त्याने मूळ मुद्दा मोडत नाही, उलट त्याला धार येते. सॅन फ्रान्सिस्कोतले चिनी मजूर पाहा. त्यांच्यासाठी चिनी दुकानंच टपालघर आणि पेढी होती. तिथूनच ग्वांगडोंगमधल्या गावाकडे पत्र आणि पैसा जाई. वंश, भाषा, कायदा सगळं वेगळं, पण घर आणि धंद्याची गाठ तीच.

तिसरा आक्षेप फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराच्या बाजूने येतो. १८९३मध्ये शिकागोत त्याने मांडलं, की अमेरिकी माणूस घडला तो सीमेवर, जुन्या समाजाचे पाश सुटून, स्वतःच्या बळावर. टर्नरचा पक्षपाती म्हणेल, की पत्रं ही मागची ओढ दाखवतात. पुढचं बळ त्या माणसाचं स्वतःचंच. पण पत्रांतली मागणी पाहिली तर ओढ आणि बळ वेगळे काढता येत नाहीत. बियाणं, उधारीची मुदतवाढ, शिक्षिका, वधू, शिफारस, हे सगळं मागूनच येत होतं, आणि मागितल्याशिवाय येत नव्हतं. सरकारचा वाटाही लहान नव्हता. बटरफिल्ड या ठेकेदाराच्या टपालगाड्यांना आठवड्यातून दोनदा मिसुरी ते सॅन फ्रान्सिस्को धावायला सरकार वर्षाला सहा लाख डॉलर देत होतं, टपालाच्या उत्पन्नातून ते कधीच निघणार नव्हते. स्वावलंबी माणसाच्या पत्राचा खर्च पूर्वेकडचा करदाता उचलत होता.

टर्नर बोलत होता त्याच शिकागोत माँटगोमेरी वॉर्डच्या कचेरीत रोज पोतीच्या पोती पत्रं फुटत होती. १८७२मध्ये एका पानाच्या दरपत्रकावर सुरू झालेला हा धंदा पूर्णपणे टपालावर चाले. गिऱ्हाईक दुकानदाराला कधी पाहतही नसे. आता तरी व्यापारी पत्र निव्वळ व्यापारी व्हायला हवं होतं. छापील यादी, छापील किंमत, पसंत नसल्यास पैसे परत. तरी डाकोटा-कॅन्सासचे शेतकरी नांगराच्या फाळाची मागणी लिहिता लिहिता वॉर्डला कळवत, की यंदा पीक गेलं, घरात आजारपण आहे, म्हणून मागणी लहान आहे, राग मानू नये. आणि वॉर्डचे कारकून अशा पत्रांना उत्तरं लिहीत बसत.