न लागलेल्या तिकिटाचे पुण्य

२००१ ते २००४ अशी तीन वर्षे मी तिरुभुवनमच्या एका बँकशाखेत होतो. कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे रेशमाचे गाव. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे देऊळ, त्याच्या भोवतीच्या गल्ल्या आणि घराघरात माग. विणकरांपैकी पुष्कळांची घरची भाषा सौराष्ट्री. त्यांच्या बोलण्यात मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि कोल्हापूरकडून तिकडे गेलेल्या मला उगीच घरच्यासारखे व्हायचे.

त्यांतल्या एका विणकराला मी अण्णा म्हणत असे. सहकारी सोसायटीकडून रेशीम आणि जर आणायची, साडी विणून द्यायची, मजुरी घ्यायची, असा त्यांचा क्रम. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी आमच्याकडे आवर्ती ठेव उघडली होती. दरमहा शंभर रुपये, तेही कधी दोन हप्त्यांत. २००२ च्या जानेवारीत, पोंगलच्या आधी, ते ठेव मोडायला आले. निम्मे पैसे देण्यापायी जाणार होते. उरलेल्याची त्यांना बंपर सोडतीची तिकिटे घ्यायची होती. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सार, लागली तर घराला, नाही लागली तर देशाला. पोरगी सरकारी शाळेतच शिकते. म्हणजे पैसा फिरून तिच्याकडेच यायचा."

मी हसलो, मान डोलावली आणि अर्जावर सही केली. ठेव त्यांची होती, अडवण्याचा मला अधिकार नव्हता. सहीबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्या मान डोलावण्याबद्दल वाटते, आणि हे लिहितो आहे ते त्यासाठीच.

अण्णांनी म्हटलेले वाक्य त्यांचे नव्हते. १९६८ साली अण्णादुराईंच्या सरकारने तमिळनाडूत राज्याची लॉटरी सुरू केली, तेव्हापासून ते तिथे लोकांच्या तोंडी होते. शेजारच्या केरळने वर्षभर आधी, १९६७ मध्ये, अर्थमंत्री पी. के. कुंजू यांच्या पुढाकाराने हा मार्ग धरला होता. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला झाली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे. महाराष्ट्राची लॉटरी एप्रिल १९६९ मध्ये आली. राज्ये नवी, कामे अफाट, तिजोरी तोकडी आणि कर वाढवायची कुणाची छाती नाही, असा तो काळ. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्यासाठी लोकच हसत हसत पैसा देत असतील, तर त्यात वाईट ते काय, असा हिशेब होता.

तो हिशेब माझ्या घरातही होता. माझे वडील गडहिंग्लज तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. पगार झाला की तालुक्याच्या स्टँडवर महाराष्ट्र राज्य लॉटरीचे एक तिकीट घ्यायचे. आई कुरकुरली की म्हणायचे, "लागली तर आपली, नाही तर शाळेची कौलं बदलतील." शाळा गळकी होती, तेव्हा विनोद बरा होता. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील तीन तिकिटे घेऊन घरी आले. दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारा माणूस. वर्तमानपत्रात आलेले नंबर त्यांना वाचून हवे होते. वडिलांनी विचारले, "तुम्ही कशाला या नादाला लागलात?" ते म्हणाले, "गुरुजी घेत्यात म्हंजे चांगलंच आसंल की." त्या महिन्यापासून वडिलांनी तिकीट घेणे सोडले. कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, "वर्गात जे शिकवत नाही ते बाजारात शिकवू नये."

हे मला ठाऊक असूनही मी अण्णांपुढे मान डोलावली. का? कारण ते वाक्य फार सोयीचे आहे. हरलेल्या माणसाला ते दाता करून टाकते. पण दान म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दान देणाऱ्याला आपण देतो आहोत हे माहीत असते आणि द्यायचे असते. अण्णांना देशाला काही द्यायचे नव्हते. त्यांना मिळवायचे होते, मुलीसाठी. मिळाले नाही, तेव्हा जे हातचे गेले त्याला दान हे नाव मागाहून चिकटले. जिंकणाऱ्याकडून देश काही मागत नाही, मागतो तो हरणाऱ्याकडून, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ होतो.

याच्या विरुद्ध एक जुना युक्तिवाद आहे. लॉटरी हा राजीखुशीने दिलेला कर आहे, ज्याला नको त्याने घेऊ नये. अमेरिकेचे थॉमस जेफर्सन यांनी १८२६ मध्ये असेच मत मांडले होते. मात्र ते मांडताना ते स्वतः कर्जात बुडालेले होते आणि आपली मालमत्ता लॉटरीने विकायची परवानगी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे मागत होते. लॉटरीच्या बाजूचा हा प्रसिद्ध युक्तिवाद पैशाची निकड असलेल्या माणसाने केलेला आहे. राजीखुशी हा शब्द वापरताना कुणाची निकड किती, हे पाहावे लागते, ते असे.

आता अण्णांच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो: पैसा फिरून तिच्याकडेच यायचा. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे तपासता यायला हवे होते. समजा, शिक्षणखात्याला तिजोरीतून शंभर रुपये मिळतात. लॉटरीतून दहा आले, तर खात्याकडे एकशेदहा व्हायला हवेत. प्रत्यक्षात पुढच्या अंदाजपत्रकात अर्थखाते म्हणते, दहा तर तुमच्याकडे आहेतच, आम्ही नव्वद देतो. शाळेला शंभरच मिळतात. सुटलेले दहा दुसरीकडे जातात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने १९६४ मध्ये शाळांसाठी म्हणून लॉटरी सुरू केली आणि मागोमाग अनेक राज्यांनी तिकिटावर शिक्षणाचे नाव घातले. तिथल्या अभ्यासकांना हा प्रकार पुनःपुन्हा आढळला आहे. जॉर्जिया राज्यात १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून गुणवंतांना महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळते. तिथे पैसा खरोखर शिक्षणावरच जातो. पण तिकिटांचा भार गरीब घरांवर जास्त पडतो आणि शिष्यवृत्तीचा मोठा वाटा खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत जातो. पैसा फिरतो खरा, पण अण्णांच्या गल्लीत परत येत नाही.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच दाखवून दिले होते: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. फुल्यांनी रयतेकडून आणखी काही मागितले नाही. तिच्याच पैशातून तिच्या मुलांची शाळा मागितली. शाळेचा खर्च हा हक्क आणि कर्तव्य यांचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या निवेदनात आहे.

तिरुभुवनमला राहताना आणखी एक उदाहरण जवळच होते. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून आपल्या घराण्याची छत्रे राखावीत अशी विनंती केली होती. वाटसरूंना अन्न देणाऱ्या या छत्रांत शिकवणारे पंतोजी आणि वैद्यही ठेवलेले असत. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात मुलांना जेवणही मिळे आणि शिक्षणही. हा खर्च छत्राला लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले. राजेशाहीचे गोडवे गायला मी हे सांगत नाही. मुद्दा एवढाच की शिकवण्याचे काम कायमचे मानले, म्हणून त्यामागचे उत्पन्नही कायमचे लावून दिले. आपल्याकडे शहरातल्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते, १९६२ च्या कायद्याने आलेली. ती वाचून कुणाला आनंद होत नाही. तरी ती प्रामाणिक आहे. घर आहे त्याने शाळेसाठी इतके द्यावे, असे ती उघड सांगते.

एवढ्यावरून लॉटरी बंद करा असे म्हणून मोकळे होता आले असते. पण मी असताना ती बंद झालीच. सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले होते, आणि परराज्यांची तिकिटे अडवायची तर आधी आपली लॉटरी बंद केली पाहिजे असेही. २००३ च्या जानेवारीत जयललितांच्या सरकारने तमिळनाडूत सगळ्याच लॉटऱ्यांवर बंदी घातली. कर्जबाजारी घरांची उदाहरणे समोर होती, निर्णयाचे स्वागत झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाने, टास्माकने, आपल्या हाती घेतली. तिजोरीने एक सवय सोडली आणि दुसरी जवळ केली. इकडे केरळच्या निकालाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर चालणारा चोरटा धंदा गल्लीबोळांत पसरला. अण्णाही तिकडे वळले. आता तर "देशाला" म्हणायचीही सोय उरली नव्हती.

केरळची बाजूही ऐकली पाहिजे. तिथे लॉटरी चालू आहे. तिकिटे विकून अनेक अपंग आणि वृद्ध माणसे पोट भरतात. कारुण्य लॉटरीच्या पैशातून गरीब रुग्णांना उपचारासाठी मदत झाली आहे. ज्याला उपचार मिळाले त्याच्यापुढे मी कोणते तत्त्वज्ञान सांगणार? आणि आठवडाभर उराशी एक आशा बाळगण्याचा हक्क फक्त पगारदारांना असतो, असेही नाही. अण्णा एकदा म्हणाले होते, "नंबर लागू दे असं मी कंपहरेश्वराला कधी सांगत नाही. नाही लागला तर घरी सांगायला अवसान दे, एवढंच म्हणतो." कंप हरण करणारा तो कंपहरेश्वर. त्यांना आपली शक्यता किती आहे हे माझ्याइतकेच कळत होते.

म्हणून माझे म्हणणे बंदीचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तिकिटावर शाळेचे नाव घालू नये. सरकारला लॉटरी चालवायची तर चालवावी, जुगाराला जुगार म्हणावे, आलेला पैसा तिजोरीत टाकावा. शाळेचे नाव घातले की दोन गोष्टी होतात. तिकीट घेणाऱ्याच्या मनातली शंका मिटते. आणि न घेणारा, म्हणजे मी, आपली जबाबदारी कुणीतरी उचलली आहे असे समजून स्वस्थ बसतो. दुसरी गोष्ट मला अधिक वाईट वाटते.

लॉटरीवाचून शाळांना पैसा आणायचा कुठून, असे विचारतात. १६ जुलै २००४ ला कुंभकोणममध्ये एका शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून आग वर गेली, गवती छप्पर पेटले आणि ९४ मुले गेली. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या शाखेत कुणी कुणाशी बोलले नाही. त्यानंतर राज्यभरातल्या शाळांची गवती छपरे उतरवण्याचे आदेश निघाले. तेव्हा राज्यात लॉटरी नव्हती. गरज पटली की मार्ग सापडतो. पटायला काय घडावे लागले, ते आठवून मान खाली जाते.

आता मी पुण्यात असतो. इथे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांची सोडत निघते, तेव्हा पालक एकमेकांना विचारतात, "लॉटरी लागली का?" शब्द तोच, पण सोडत आणि जुगार एक नव्हेत. जागा कमी आणि हक्क सारखा असेल तेव्हा चिठ्ठी काढणे न्यायाचेच असते, त्यात कुणाच्या खिशातून काही जात नाही. खटकतो तो आनंद. शाळा मिळाली म्हणून आईबाप पेढे वाटतात, जणू नशिबाने काही बक्षीस दिले.

अण्णांच्या मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडले. त्याला ती मोडलेली ठेवच कारण होती असे म्हणणे खोटे ठरेल, घरात इतर अडचणी होत्या. पण त्या दिवशी टेबलापाशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, हे मला उशिरा कळले. प्रश्नासारखा वाटला नाही, कारण विधानासारखा मांडला होता. आज विचारला तर सही मी तेव्हासारखीच करीन. फक्त त्याआधी म्हणेन, "अण्णा, तो पैसा फिरून तिच्याकडे येत नाही. तिच्या शाळेचा पैसा माझ्याकडून यायला हवा."